छत्तिसाव्या किलोमीटरवर

रूथ,

यंदाच्या मॅरेथॉनचे फॉर्म आले. मेन रोडवरच्या मेडिकलमध्ये काउंटरवर गठ्ठा ठेवलाय. मी माझ्या गोळ्या घ्यायला गेले, तर दुकानदारानं न विचारताच दोन फॉर्म काढून समोर ठेवले. दरवर्षी दोनच घ्यायचो ना आपण. मग त्याच्या लक्षात आलं. एक फॉर्म हळूच उचलून परत गठ्ठ्यावर ठेवला आणि गोळ्यांची पिशवी देताना माझ्याकडं बघायचं टाळलं.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. चर्चमध्ये त्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. किती वर्षं सेवा केलीस, किती बाळंतपणं तुझ्या हातांवर झाली, किती जणांना रात्री-अपरात्री सलाईन लावायला गेलीस. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे सगळं खरंय, पण ही माझी रूथ नाही. माझी रूथ भांडायची. आपलं एक भांडण राहून गेलंय. त्यासाठी लिहायला बसलेय.

तू मला पहिल्यांदा भेटलीस ती दवाखान्यात, माझा रिपोर्ट हातात धरून. तू सिस्टर, मी पेशंट. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, मी दाराबाहेर पडत होते, तेवढ्यात मागून हाक मारलीस. "बाई, तुम्ही झेडपीच्या शाळेत ना? दिवसभर पोरांना बसा बसा म्हणता आणि स्वतःही बसूनच असता. हे नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही."

मला राग आला होता. ओळख ना पाळख आणि ही मला शिकवणार! पण तू पुढं म्हणालीस, "मी रोज चालायला जाते. उद्या सकाळी पाचला चर्चच्या कोपऱ्यावर उभी राहते. आलात तर बरं, नाही आलात तर एकटी जाईन."

मी आले ती तब्येतीसाठी नाही. कुणीतरी बाई अंधारात आपल्यासाठी एकटी उभी असेल, एवढ्याच विचारानं रात्रभर झोप लागली नाही म्हणून आले. तू पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, मी साडी आणि चपलांवर. पाटाच्या रस्त्यानं आपण दोन किलोमीटर गेलो आणि मी धापा टाकत रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. तू मात्र अशी उभी होतीस, जणू रोजच येतेस. तुझीही ती पहिलीच सकाळ होती, हे तू मला दोन वर्षांनी सांगितलंस. "तुला एकटीला जायला लाज वाटली असती, म्हणून थाप मारली," म्हणालीस. आणि लगेच, "मलाही वाटली असती गं."

पळायला लागलो ते कुत्र्यामुळं, आठवतंय ना? वस्तीवरचं ते तांबडं कुत्रं भुंकत अंगावर आलं आणि आपण दोघी पदर-ओढणी सावरत विजेच्या तीन खांबांइतक्या पळालो. कुत्रं केव्हाच परत फिरलं होतं. तू कमरेवर हात ठेवून वाकलीस, श्वास घेता येईना, तरी हसत होतीस. "शैला, अगं आपल्याला पळता येतंय की!" पन्नाशीला आलेल्या दोन बाया, एक मास्तरीण, एक नर्स, आणि आपल्याला पळता येतं याचा एवढा आनंद!

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, एक खांब पळू, एक खांब चालू. मग दोन पळू, एक चालू. उसाला पाणी देणारे गंगाधरबाबा पाटाच्या कडेला खोरं टेकून आपल्याकडं बघत उभे राहायचे. एकदा त्यांना राहवलं नाही.

"आवं बाई, काय हरवलंय का? एवढ्या पळताय कशापायी?"

"शुगर मागं लागलीय, बाबा," तू पळता पळताच सांगितलंस.

"आमी तर जल्मभर उसातच हाय. आमच्या न्हाई कदी लागली मागं!"

तुला ते इतकं आवडलं की पुढं कुणीही विचारलं, रोज कुठं जाता, तर तू गंगाधरबाबांचं उत्तर त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचीस.

मग गावात मॅरेथॉन सुरू झाली. डॉक्टर मंडळी, कापडाच्या पेठेतले दोघं-तिघं, शाळांचे पीटीचे सर, असे सगळे मिळून करायचे. होळी झाली की पुढच्या रविवारी. थंडी सरलेली, ऊन अजून चावायला लागलेलं नाही, कडुलिंबाला कोवळी पानं, शेतात गव्हाचे कापलेले बुडखे. रस्ता अगदी सपाट, पाटाच्या कडेनं. पहिल्या मीटिंगमध्ये एकजण मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आपल्या मार्गात एकही चढ नाही." तू मागून म्हणालीस, "मग चालायला निमित्त काय सांगायचं?" सगळे हसले. पण तू काही चेष्टा करत नव्हतीस.

पहिल्या वर्षी आपण दहा किलोमीटर केले. पुढच्या वर्षी एकवीस. लोक शर्यत बघायला यायचे ते जत्रेला आल्यासारखे. वस्तीवस्तीवर लिंबू सरबताची पिंपं, कापलेली कलिंगडं. कांदे काढणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बांधावर उभ्या. "पळा वं मावशी, पळा!" मशिदीच्या कोपऱ्यावर खजुरांची ताटं. तुमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या बाया ढोलकी घेऊन भजनं म्हणायच्या आणि तू जवळ आलीस की मधेच थांबून ओरडायच्या, "सिस्टर, हळू!" माझ्या वर्गातल्या पोरी माझं नाव घेऊन ओरडायच्या, नावापुढं 'बाई' लावायचंसुद्धा विसरून. एवढ्या लोकांनी आपल्याकडं एकाच वेळी आपुलकीनं बघावं, असं माझ्या आयुष्यात लग्नातसुद्धा झालं नव्हतं. लग्नात सगळे दागिन्यांकडं बघत होते.

आणि मग तू पूर्ण मॅरेथॉनचं काढलंस. बेचाळीस.

मी म्हटलं, "वेडी आहेस का? आमचे हे घराबाहेर काढतील."

"मग माझ्याकडं ये राहायला," तू म्हणालीस, "तयारीला बरंच पडेल."

सहा महिने आपण तयारी केली. शनिवारी शाळा सकाळची असायची म्हणून रविवारीच लांब पळायचं, आणि तुला नऊच्या प्रार्थनेला जायचं असायचं, म्हणून पहाटे तीनला उठायचं. तू खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचीस आणि ते देताना दर वेळी माझ्याकडं संशयानं बघायचीस. "एकच खडा. शुगर आहे तुला." शर्यतीच्या आदल्या दिवशी आपलं ठरलं होतं, शेवटची पट्टी ओलांडायची ती हात धरून. तूच म्हणाली होतीस. मी हो म्हटलं होतं.

आता छत्तिसावा किलोमीटर.

साडेदहा वाजून गेले होते. ऊन डोक्यावर आलेलं. परतीच्या वाटेवर पाटाचं वळण संपतं तिथं तुझ्या पोटरीत गोळा आला. तू लंगडत मोरीच्या कठड्याशी गेलीस आणि बसलीस. मी चार पावलं पुढं होते, जागच्या जागी पाय हलवत उभी, कारण थांबले तर पाय लाकडासारखे होतील, हे आपल्याला पाठ होतं. तू पोटरी दाबत मान वर केलीस आणि काहीतरी म्हणालीस. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला, त्यावर गाणी लागलेली. मी ऐकलं, "थांबू नको गं." मी गेले.

तू पुढची तीन वर्षं सांगत राहिलीस, तू "थांब ना गं" म्हणाली होतीस.

शेवटची पट्टी मी एकटीनं ओलांडली. पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायकांत आपण चौघीच होतो. एक नगरची, एक संगमनेरची आणि आपण दोघी. त्या दोघी आधीच आल्या होत्या. माझा तिसरा नंबर आला. माइकवरून माझं नाव पुकारलं, करंडक दिला, फोटो काढला. तेवढ्यात रुग्णवाहिकेतून तुला आणलं. तू उतरलीस, लंगडत माझ्यापर्यंत आलीस, करंडकाकडं बघितलंस आणि म्हणालीस, "छान आहे. बस खाली. बूट काढ." आणि त्या मैदानात, सगळ्यांसमोर, माझे पाय मांडीवर घेऊन तू बर्फ लावायला लागलीस. माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तू ते इतकं हलक्या हातानं पुसलंस की मला रडू आलं. लोकांना वाटलं, नंबर आला म्हणून रडतेय.

त्यानंतर तू ती गोष्ट सगळ्यांना सांगायचीस. दवाखान्यात, भाजी बाजारात, माझ्या घरच्या हळदी-कुंकवालासुद्धा. "ह्या शैलानं मला पाटावर टाकलं आणि कप घेऊन आली!" बायका खो-खो हसायच्या. मी म्हणायचे, "तूच म्हणालीस थांबू नको." तू म्हणायचीस, "तुझ्या कानांची तपासणी करायला पाहिजे." मीही हसायचे. आणि दर वेळी घाईनं विषय बदलायचे.

एका नाताळला जे व्हायचंच होतं ते झालं. तुझ्या घरी पाहुणे होते, ताटात करंज्या होत्या आणि तू परत सुरू केलंस. मी ताट खाली ठेवलं. "किती वर्षं तेच उगाळणार आहेस? झालं ना एकदा!" तू हातातली करंजी ताटात ठेवलीस. मग अगदी खालच्या आवाजात म्हणालीस, "एकदा मागं वळून बघितलं असतंस, तर कळलं असतं मी काय म्हणाले ते."

मी उठून घरी आले.

तीन आठवडे आपण बोललो नाही. मी पाटाच्या रस्त्याला उत्तरेकडं जायचे, तू दक्षिणेकडं. गंगाधरबाबांनी मला विचारलंसुद्धा, "दुसऱ्या बाई कुटं हायेत? आजारी हायेत का काय?" मी म्हटलं, "नाही, बऱ्या आहेत." बाबा म्हणाले, "मंग बराबर येत जा. येकली बाई पळती तवा लई वंगाळ दिसतं, कुनी मागं लागल्यावानी."

चौथ्या आठवड्यात तू सकाळी साडेसहाला आमच्या दारात उभी राहिलीस, हातात शुगर तपासायचं मशीन. "भांडलो म्हणून शुगर थांबत नाही. बोट दे." मी बोट दिलं. तू टोचलंस, जरा जास्तच जोरात. आकडा बघून म्हणालीस, "नाताळाच्या करंज्या न खाता एवढी? कुणाकडं खाल्ल्यास?" चहा घेतलास, बिनसाखरेचा, आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी पाचला चर्चच्या कोपऱ्यावर उभी होतीस. त्या विषयावर आपण गंभीरपणे परत कधी बोललो नाही. चेष्टा मात्र तू सोडली नाहीस.

त्या शर्यतीनंतर तुझा गुडघाही धरला आणि तो पूर्ण मॅरेथॉनला परत तयार झालाच नाही. गेल्या वर्षी मी परत नाव दिलं तेव्हा तू प्रथमोपचाराच्या टेबलावर काम मागून घेतलंस, आणि तेही नेमकं त्याच वळणावर. मी पस्तिसावा किलोमीटर पार केला आणि लांबून तुझा पांढरा ॲप्रन दिसला. रूथ, मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. काय म्हणशील, कशी बघशील? तू मिठाचं पाणी घेऊन रस्त्याच्या मध्ये आलीस, ग्लास माझ्या हातात दिलास आणि लंगडत माझ्या बरोबरीनं पळायला लागलीस. शंभरेक पावलं आलीस. मी म्हटलं, "गुडघा गं!" तू म्हणालीस, "माझा आहे, मी बघीन." मग थांबलीस. मी त्या वेळी मागं वळून बघितलं. तू हात हलवत होतीस, "पुढं बघ, पुढं!" त्या शंभर पावलांत मी तुला खरं सांगायला हवं होतं. तेवढा श्वास होता माझ्याकडं.

दिवाळीनंतर तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टरांच्या आधी तुलाच कळलं होतं. तू मला ते सांगितलंस पळता पळताच, जसं उद्या सुट्टी आहे असं सांगावं. "पोटातलं आहे. वेळ फार नाही." मी उभी राहिले. तू ओरडलीस, "चल की! आज तरी पळू दे."

नगरच्या हॉस्पिटलला मी एसटीनं यायचे, आठवड्यातून दोनदा. राहुरी आलं की मनात ठरवायचे, आज सांगायचं. नगरच्या स्टँडवर उतरेपर्यंत धीर सुटायचा. तुझ्याजवळ बसलं की तू गावाकडचंच विचारायचीस. कांदे काढले का? पाटाला पाणी आहे का? तुझ्या वर्गातली ती तोतरी पोर बोलते का आता? शेवटच्या वेळी आले तेव्हा तुझा हात अगदी हलका झाला होता. मी म्हटलं, "रूथ, त्या दिवशी पाटावर…"

"कुठल्या दिवशी?" तू डोळे न उघडताच म्हणालीस.

तेवढ्यात नर्स आली. तू तिला सलाईनचा वेग कमी कर म्हणून सांगितलंस आणि झोपलीस. मी दीड तास बसले. मग शेवटची गाडी चुकेल म्हणून निघाले.

परवा विजयभाऊजींकडं गेले होते. तुमच्या घरात आता इतकं आवरलेलं असतं की बघवत नाही. भाऊजी बूट पॉलिश करत बसले होते, तुझे. मला बघून ओशाळले. मी त्यांच्याजवळ तो विषय काढला. तुला नाही सांगता आलं, तर निदान त्यांना सांगावं म्हटलं. म्हटलं, "भाऊजी, ती पाटावरची गोष्ट… रूथ शेवटपर्यंत म्हणायची ना, की ती मला थांब म्हणाली होती?"

भाऊजी चक्क हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले असतील.

"अहो ताई, तिला काय आठवत होतं! मला म्हणायची, उन्हानं डोकं गरगरत होतं, मी काय बोलले ते माझं मलाच माहीत नाही. थांब म्हणाले का जा म्हणाले, देवाला ठाऊक. पण शैलाला चिडवलं की तिचं तोंड बघण्यासारखं होतं."

"आणि त्या नाताळला?" मी विचारलं.

भाऊजींनी बूट खाली ठेवला. "त्या दिवशी रात्री रडली होती. म्हणाली, चिडवता चिडवता मी ते उगाच खरं मानून बसले. मग म्हणाली, पण वळून तरी बघायचं होतं तिनं."

ते चहा टाकायला आत गेले. मी तिथंच बसले, तुझ्या एका बुटाची नाडी हातात घेऊन. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "यंदा पळणार ना?" मी हो म्हटलं. फॉर्म भरून पर्समध्येच होता.

तर रूथ, तुला आठवत नव्हतं. म्हणजे तिथं काय झालं ते आता एकट्या मलाच माहीत आहे. म्हणून सांगते.

तू "थांब ना गं" म्हणाली होतीस. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. ट्रॅक्टर तुझ्या बोलण्यानंतर आला. मी तो आधी आणला, लोकांना सांगताना, आणि मग इतक्यांदा सांगितलं की मलाही तो आधीच ऐकू यायला लागला. तुझ्या आवाजात विनवणी होती. तू कधीच कुणाला विनवत नव्हतीस, म्हणून तर मी जास्त घाबरले. थांबले असते तर माझी मॅरेथॉन तिथंच संपली असती, हे मला कळत होतं. मी आयुष्यभर कुणाकुणासाठी थांबतच आले, भावांच्या शिक्षणासाठी, सासूबाईंच्या आजारपणासाठी, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. पण खोटं कशाला बोलू? त्या घटकेला यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. माझे पाय पळत होते आणि मला ते थांबवायचे नव्हते. एवढंच.

आणि एवढ्यावर भागलं असतं, तर हॉस्पिटलात तुला सांगितलंही असतं. पुढचं सांगता येत नव्हतं.

ते शेवटचे सहा किलोमीटर मी आनंदात होते. पाटाचं पाणी माझ्या शेजारून माझ्याच वेगानं चाललंय असं वाटत होतं. पाय दुखत होते आणि ते दुखणं माझं एकटीचं होतं. कुणाची बाई नाही, कुणाची सून नाही, कुणाची मैत्रीणही नाही. त्याआधी आणि त्यानंतर इतकं सुख मला कधी झालं नाही. मला तुझी आठवण आली नाही, रूथ. एकदाही नाही. पट्टी ओलांडल्यावर कुणीतरी विचारलं, "तुमच्या जोडीच्या सिस्टर कुठं आहेत?" तेव्हा आली.

ते सुख तूच मला मिळवून दिलंस. चर्चच्या कोपऱ्यावर थाप मारून उभी राहिली नसतीस, तर असं सुख असतं हेही मला कळलं नसतं. आणि ते भोगताना मी तुला उन्हात बसवून आले होते.

हे ऐकून तू हसली असतीस की काही न बोलता आत निघून गेली असतीस, मला ठरवता येत नाही. इतकी वर्षं रोज सकाळी तुझ्या खांद्याला खांदा लावून पळाले, तुझा श्वास कधी चढतो, कधी उतरतो, सगळं मला माहीत होतं. आणि एवढं एक मला माहीत नाही.

तुझी,
शैला